गावाचा आरोग्यरक्षक घडवायचा कसा?

गेल्या काही वर्षांत राज्यात नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची भर वेगाने पडली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच दिवशी दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या. त्यांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा अशा जिल्ह्यांचा समावेश असल्याने या निर्णयाचे स्वागत होणे स्वाभाविकच आहे. मात्र, गडचिरोलीच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि आंतरवासिता पूर्ण करून बाहेर पडेल, तेव्हा २०३० साल उजाडलेले असेल. त्यानंतर तो भामरागड किंवा एटापल्लीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होईल की नागपूर-पुण्याची वाट धरेल, याचे उत्तर इमारतींत आणि जागांच्या संख्येत सापडणार नाही.

जिथे डॉक्टर टिकत नाही, तिथल्या लोकांसाठी आरोग्यसेवक कसा तयार करायचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. उलट, या प्रश्नाची जगाने दखल घ्यावी अशी दोन उत्तरे याच राज्यातील दुष्काळी आणि आदिवासी भागांतून पुढे आली. त्या उत्तरांचे सार असे की, प्रशिक्षण किती महिन्यांचे आणि पदवी कोणती, यापेक्षा तीन गोष्टी निर्णायक ठरतात : शिकणारी व्यक्ती कोठून निवडली, तिला कोठे शिकविले आणि शिकून परतल्यावर तिच्या पाठीशी कोण उभे राहिले. शासनाने या प्रयोगांचे अनुकरण केले खरे. पण ते करताना पहिल्या गोष्टीवर भर दिला, दुसरीत तडजोड केली आणि तिसरीकडे बव्हंशी दुर्लक्ष केले.

एक वाट बंद झाली

स्वातंत्र्यापूर्वी देशात दोन प्रकारचे डॉक्टर होते. एक पदवीधर आणि दुसरे कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले परवानाधारक. जुन्या मुंबई इलाख्यातील 'एलसीपीएस' डॉक्टर अनेक कुटुंबांच्या आठवणीत आजही असतील. तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणारा डॉक्टर बहुधा याच वर्गातला असे. आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशातील सुमारे दोन तृतीयांश डॉक्टर परवानाधारक होते. समितीने मात्र बहुमताने असा निर्णय दिला की, यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, म्हणजे पदवीधरच असावा. काही सदस्यांनी त्यावर भिन्न मत नोंदविले होते.

समितीचा हेतू उदात्त होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का द्यावा, हा तिचा सवाल आजही खोडून काढता येत नाही. समितीला अपेक्षित असलेला डॉक्टर समाजाभिमुख होता आणि प्रतिबंधक उपचारांवर त्याचा भर राहणार होता. प्रत्यक्षात वैद्यकीय शिक्षण शहरातील मोठ्या रुग्णालयांभोवती वाढत गेले. दुर्मिळ आजार, महागड्या तपासण्या आणि पदव्युत्तर प्रवेशाची ओढ यांत घडलेल्या तरुणाला वीज आणि परिचारिका यांची शाश्वती नसलेल्या आरोग्य केंद्रात काम करण्याची तयारी कोणी करून दिलीच नाही. परवानाधारक डॉक्टरांची परंपरा संपली आणि तिच्या जागी जो पदवीधर यायचा होता, तो खेड्यापर्यंत पोहोचला नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण रुग्णालयांच्या स्तरावर आवश्यक विशेषज्ञांपैकी सुमारे ८० टक्के उपलब्ध नव्हते. या पोकळीचे मूळ असे जुने आहे.

जामखेडचा धडा

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा त्यांनीही आधी रुळलेलीच वाट धरली होती. प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांनी गावात राहून सेवा द्यावी, अशी ती योजना होती. ती फसली. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिका गावात रमल्या नाहीत आणि गावानेही त्यांना आपले मानले नाही. त्यातून गावातलीच बाई निवडण्याचा विचार पुढे आला.

या स्त्रिया बहुतेक निरक्षर होत्या. अनेकजणी दलित समाजातील, काही विधवा, काही टाकलेल्या. आजार ओळखायचा, गरोदर बाईची तपासणी करायची, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी द्यायचे, हे सारे त्यांना शिकविण्यात आले. प्रशिक्षणाची पद्धतच वेगळी होती. दर आठवड्याला जामखेडला येऊन राहायचे, मागच्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगायचे, एकमेकींकडून आणि डॉक्टरांकडून शिकायचे आणि परत जायचे. डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांचे फिरते पथक त्यांच्या गावी जाई. गावकऱ्यांसमोर डॉक्टर तिचे मत विचारीत, तेव्हा कालपर्यंत विहिरीपासून दूर ठेवल्या गेलेल्या बाईच्या शब्दाला वजन येई.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार सुरुवातीस या परिसरात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पुढील दोन दशकांत हे प्रमाण त्याच्या काही अंशावर आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातील लोकाधारित आरोग्यसेवेच्या प्रयोगांवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश होता. 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा देणारी आल्मा आटा परिषद त्यानंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये भरली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या यशाचा अर्थ 'अशिक्षित बाईलाही शिकविता येते' एवढाच लावला गेला. तिचे शिक्षण कधी थांबलेच नाही, हा त्यातला अधिक महत्त्वाचा भाग मागे पडला.

गडचिरोलीचा पुरावा

दुसरे उत्तर गडचिरोलीतून आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावपातळीवरील सेवकाच्या कामाला शास्त्रीय कसोटी लावली. बालकांमधील न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात. पण ज्या दाईला आकडे मोजता येत नाहीत, तिने काय करायचे? त्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधे उपकरण तयार करण्यात आले. शिकणारी व्यक्ती अभ्यासक्रमात बसत नसेल, तर अभ्यासक्रम तिच्या मापाने बेतावा, हे त्यामागचे तत्त्व होते.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग झाला. तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली होती. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना बाळाला ऊब देणे, वजन करणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकविण्यात आले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५.५ वर आले होते. तुलनेच्या गावांच्या संदर्भात ही घट ६२ टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

येथेही निर्णायक ठरली ती प्रशिक्षणानंतरची रचना. प्रत्येक बाळाची नोंद, पर्यवेक्षकाची नियमित भेट, नोंदींची पडताळणी आणि चूक आढळल्यास तिथल्या तिथे फेरशिक्षण ही साखळी अखंड होती. इंजेक्शनची सुई गावातल्या बाईच्या हाती देण्याचे धाडस त्या साखळीच्या भरवशावरच करता आले.

शासनाने काय घेतले, काय सोडले

गावातील सेवकाची कल्पना शासनाने दोनदा देशभर राबविली. पहिला प्रयत्न २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेल्या जनआरोग्य रक्षक योजनेचा. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. निवड गावाने करावयाची होती. प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी गावातल्या वजनदार मंडळींनी केली आणि निवडले गेले ते बहुतांश पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता. प्रशिक्षणानंतर ना पर्यवेक्षण झाले, ना औषधांचा पुरवठा टिकला. नावे बदलत गेली, निधी आटत गेला आणि योजना विस्मृतीत गेली.

दुसरा प्रयत्न २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' कार्यकर्तीचा. ही योजना टिकली, वाढली आणि देशात आज सुमारे दहा लाख आशा काम करतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावची, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्री, हे निकष पाहता पहिल्या अपयशातून धडा घेतला गेला, असे म्हणता येईल. २०११ पासून गडचिरोलीच्या धर्तीवर घरोघरी नवजात सेवाही आशांकडे आली. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर सहा आणि घरी झाले असेल तर सात भेटी तिने द्यायच्या असतात.

तथापि, मूळ प्रयोग आणि त्याची शासकीय आवृत्ती शेजारी ठेवल्यास फरक दिसतो. आशाच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत पहिल्या वर्षी २३ दिवसांचे आणि नवजात सेवेसाठी चार टप्प्यांत २० दिवसांचे प्रशिक्षण ठरविण्यात आले. ते साखळी पद्धतीने, म्हणजे राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला आणि तालुक्याने आशाला, असे दिले जाते. प्रत्येक पायरीवर त्यातला कस थोडा उतरतो. जामखेडमध्ये आठवड्याला होणारी उजळणी येथे अधूनमधून होणाऱ्या वर्गांवर आली. जंतुसंसर्गावरील इंजेक्शन शासनाने आशाकडे दिलेच नाही. २०१४ मध्ये ती परवानगी आरोग्यसेविकेला देण्यात आली. आरोग्यसेविका उपकेंद्रात असते आणि आदिवासी भागात एका उपकेंद्राकडे तीन हजार लोकसंख्येचे विखुरलेले पाडे असतात. पावसाळ्यात नाला ओलांडून ती वेळेत पोहोचेल, याची खात्री कोण देणार?

दरम्यान, आशाचे काम मात्र वाढत गेले. माता-बाल आरोग्यासाठी नेमलेल्या या कार्यकर्तीकडे क्षय आणि कुष्ठरोगाची सर्वेक्षणे, मधुमेह-रक्तदाबाची तपासणी आणि ऑनलाइन नोंदी असे एकेक काम आले. करोना काळात, २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचा भार मुख्यतः तिच्याच पायांवर होता. तिला वेतन नाही; कामागणिक मोबदला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील आशा आणि गटप्रवर्तकांना संप करावा लागला आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आशांच्या मानधनात दरमहा पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. ज्या गटप्रवर्तकेने आशाच्या कामाचे पर्यवेक्षण करायचे, तिचाही वेळ अहवाल गोळा करण्यात जात असेल, तर आशाच्या हातातील कौशल्य टिकणार कसे?

मधल्या फळीचा वाद

गावातील आशा आणि पदवीधर डॉक्टर यांच्या मध्ये एक प्रशिक्षित फळी असावी, ही मागणीही जुनीच आहे. छत्तीसगड सरकारने २००१ मध्ये ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय पदविका अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध आणि मान्यतेचे पेच यांमुळे तो काही वर्षांतच बंद पडला. पण शिकून बाहेर पडलेल्या तरुणांना राज्याने ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. २०१० मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, प्राथमिक स्तरावरील नेहमीच्या आजारांबाबत त्यांचे ज्ञान एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे होते. आसामने याच धर्तीवर कायदा केला. तो उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार केंद्राचा आहे, हा त्यातला मुद्दा होता.

केंद्राने स्वतः २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याच्या 'सामुदायिक आरोग्य सेवादात्या'ची तरतूद केली, तेव्हा देशभरातील डॉक्टर रस्त्यावर उतरले. महाराष्ट्रातही, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये संपाची वेळ आली. डॉक्टरांचा आक्षेप सरसकट धुडकावून लावण्याजोगा नाही. अपुऱ्या ज्ञानाने दिलेले औषध घातक ठरते आणि गरिबांसाठी वेगळा, हलका डॉक्टर ही कल्पना समतेच्या तत्त्वात बसत नाही. परंतु या वादात एक प्रश्न बाजूला राहतो. ज्या पाड्यावर आज कोणीच नाही, तिथे तुलना पदवीधर डॉक्टर आणि सहायक यांच्यात नसते. ती सहायक आणि भोंदू यांच्यात असते.

'आयुष्मान भारत' योजनेतून २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले, ही या दिशेने पडलेली अलीकडची पावले. परिचारिका किंवा आयुर्वेद पदवीधर यांना सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम देऊन ही पदे भरण्यात आली. पदे भरली, ही जमेची बाजू. मात्र सहा महिने हे शिक्षणाचे टोक मानायचे की आरंभ, यावर या फळीचे भवितव्य अवलंबून राहील.

डॉक्टर का थांबत नाही?

राज्यातील शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते किंवा दहा लाख रुपये दंड भरावा लागतो. बंधपत्राने डॉक्टर वर्षभर मिळतो. पण वर्ष संपले की त्या केंद्रातील लोकांना पुन्हा नव्या चेहऱ्याची सवय करून घ्यावी लागते. ज्याला माडिया, कोरकू किंवा पावरी समजत नाही आणि ज्याचे लक्ष पदव्युत्तर परीक्षेच्या पुस्तकात आहे, त्याच्याकडून नात्याची अपेक्षा करणेही त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याच्या शिक्षणात त्या नात्याला जागा नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकविण्याबाबत ज्या शिफारशी केल्या, त्या जामखेड-गडचिरोलीच्या अनुभवाशी जुळणाऱ्या आहेत : ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य द्यावे, महाविद्यालये महानगरांबाहेर असावीत, शिक्षणादरम्यान ग्रामीण भागात प्रत्यक्ष काम असावे आणि अभ्यासक्रमात तिथल्या आजारांना स्थान असावे. नव्या महाविद्यालयांनी यातली एक अट पूर्ण केली आहे. बाकीच्या राहिल्या आहेत. गडचिरोलीत शिकूनही विद्यार्थ्याचे सारे शिक्षण जिल्हा रुग्णालयाच्या चार भिंतींत झाले, तर केवळ पत्ता बदलेल. हिवताप, सर्पदंश, सिकलसेल आणि कमी वजनाची बाळे हे त्या जिल्ह्याचे खरे पाठ्यपुस्तक आहे आणि ते धानोरा, कोरची, भामरागडच्या केंद्रांत उघडते.

काय करता येईल

राज्याचा अर्भक मृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात हजारी १६ वर आला होता. ही प्रगती निर्विवाद आहे. मात्र राज्याची सरासरी मेळघाट, धडगाव किंवा एटापल्लीचे चित्र दाखवीत नाही. तेथे आणखी मजल मारायची, तर प्रशिक्षणाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे, आशाच्या प्रशिक्षणाचा हिशेब दिवसांत न ठेवता कौशल्यात ठेवावा. बाळाचे तापमान, वजन आणि श्वास ती अचूक मोजते का, याची ठरावीक काळाने प्रत्यक्ष पाहणी व्हावी. दुसरे, गटप्रवर्तकांना कागदपत्रांतून मोकळे करून शिक्षिकेचे काम द्यावे. तिसरे, नव्या महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातील आशा, आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या सततच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यावी. एमबीबीएसचा विद्यार्थी आणि आशा एकाच पाड्यावर एकत्र शिकले, तर दोघांनाही लाभ होईल. चौथे, स्थानिक भाषा बोलणाऱ्या मुला-मुलींसाठी परिचर्येपासून वैद्यकीय पदवीपर्यंत जाणारा शिडीचा मार्ग असावा. चांगले काम करणाऱ्या आशाला आरोग्यसेविका होण्याची वाट खुली असावी.

आणि शेवटची बाब संदर्भसेवेची. अडलेली बाळंतीण ओळखणे आशाला शिकविता येते; शस्त्रक्रिया तिला करता येत नाही. रुग्णवाहिका आली नाही किंवा तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसला, तर तिचे सारे प्रशिक्षण बंद दारापाशी येऊन थांबते. त्या अपयशाचा जाब गाव मात्र तिलाच विचारते, कारण तिचे घर त्याच गावात असते. म्हणूनच प्रशिक्षणावरील खर्च आणि रुग्णालयांवरील खर्च यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

नव्या दहा महाविद्यालयांतील पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंतची वर्षे शासनाच्या हाती आहेत. जामखेडच्या स्त्रियांना शिकविण्यासाठी कोट्यवधींच्या इमारती लागल्या नव्हत्या. दर आठवड्याला त्यांची वाट पाहणारे कोणीतरी लागले होते. ते कोणीतरी प्रत्येक तालुक्यात नेमण्याचे काम २०३० ची वाट न पाहता आजच सुरू करता येण्यासारखे आहे.